विस्मृत आणि दुर्लक्षित : हार्डकोर पंकच्या तबकड्या, मराठी ध्वनिमुद्रिका आणि पुनर्प्रकाशनाचा प्रश्न

प्रास्ताविक

कॅसेट, सीडी आणि संगणक यांच्या आगमनानंतर ग्रामोफोनची तबकडी कायमची कालबाह्य झाली, असे सर्वांनीच गृहीत धरले होते. हे गृहीतक आता टिकत नाही. अमेरिकेत २०२० साली व्हिनाइल तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या विक्रीपेक्षा अधिक झाले. १९८० च्या दशकानंतर असे प्रथमच घडले. या पुनरुज्जीवनात नव्या संगीताइतकाच, किंबहुना त्याहून अधिक लक्षणीय वाटा जुन्या संगीताच्या पुनर्प्रकाशनाचा आहे. त्यातही एक उपप्रवाह अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारा आहे. हार्डकोर पंक या संगीतप्रकारातील ज्या बँडना त्यांच्या काळात कोणी विचारले नाही, त्यांच्या तबकड्या नव्याने काढणे आणि त्या आस्थेने जमवणे, हा तो उपप्रवाह होय.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपलाही आहे. एखादा आवाज पुन्हा ऐकवला जावा की नाही, हे कोण ठरवते? कोणत्या निकषावर ठरवते? आणि ज्याचा तो आवाज, त्याचे या व्यवहारात काय स्थान असते? प्रस्तुत लेखात हार्डकोरच्या उदाहरणावरून हे प्रश्न स्पष्ट करून घेण्याचा आणि मराठी ध्वनिमुद्रिकांच्या संदर्भात त्यांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी आरंभीच दोन शब्दांत भेद करणे आवश्यक आहे. 'विस्मृत' म्हणजे जो एकेकाळी पुष्कळांनी ऐकला आणि आता आठवेनासा झाला, असा आवाज. 'दुर्लक्षित' म्हणजे ज्याच्याकडे त्याच्या काळातही कोणी कान दिला नाही, असा आवाज. आपण हे दोन्ही शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरतो. मात्र पुनर्प्रकाशनाच्या व्यवहारात त्यांची वाट वेगळी होते. विस्मृताला बाजार असतो, कारण त्याची आठवण कोठेतरी शिल्लक असते. दुर्लक्षिताला बाजार नसतो. त्याला केवळ संग्राहकाचा आधार असतो. मराठीत पुनर्प्रकाशन झाले ते प्रामुख्याने विस्मृतांचे. दुर्लक्षितांचे काम अद्याप उभे राहावयाचे आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हार्डकोर पंक : स्वरूप आणि तबकडी

१९७० च्या दशकाच्या अखेरीस पंक संगीताला मोठ्या कंपन्यांनी आपलेसे करण्यास सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या भागांतील तरुणांनी ते अधिक वेगवान, अधिक त्रोटक आणि अधिक कर्कश केले. एक-दीड मिनिटाचे गाणे, गाण्यापेक्षा घोषणेच्या जवळ जाणारा स्वर, सत्ता, युद्ध आणि चंगळवाद यांविरुद्धचा संताप, ही या प्रकाराची ठळक लक्षणे होत. 'बॅड ब्रेन्स' या कृष्णवर्णीय तरुणांच्या बँडची पहिली तबकडी १९८० साली निघाली. त्याच वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये 'डिस्कॉर्ड' या प्रकाशनसंस्थेने 'टीन आयडल्स' या बँडची सात इंची तबकडी काढली. तिच्या एक हजार प्रती निघाल्या आणि तिच्यावर आठ गाणी होती. बँड तोवर विसर्जित झालेला होता. कार्यक्रमांतून साठलेले पैसे वाटून घेण्याऐवजी सभासदांनी ते तबकडीसाठी खर्च केले. तबकडीची कागदी आवरणे मित्रमंडळींनी हाताने कापली, दुमडली आणि चिकटवली.

हा तपशील गौण नाही. येथे गाणारा, छापणारा, विकणारा आणि ऐकणारा यांच्यात फारसे अंतर नव्हते. आपल्याकडील लघुनियतकालिकांच्या चळवळीशी याची तुलना करता येईल. १९६० च्या दशकात मराठीतील तरुण कवींनी प्रस्थापित मासिकांची वाट न पाहता चक्रमुद्रित अंक काढले. त्या अंकांचे मोल त्यांतील कवितांत होते, तसेच ते काढण्याच्या कृतीतही होते. हार्डकोरची सात इंची तबकडी ही त्याच जातीची वस्तू आहे. ती बाजारासाठी काढलेली नव्हती, म्हणूनच ती बाजारात टिकली नाही. शे-दोनशे किंवा हजार प्रती निघाल्या, त्या मित्रांत आणि कार्यक्रमांत संपल्या.

पुनर्प्रकाशनाचे तीन मार्ग

अशा तबकड्यांचे पुनर्प्रकाशन तीन मार्गांनी झाल्याचे दिसते.

पहिला मार्ग स्वतः निर्मात्यांचा. डिस्कॉर्डने १९८४ सालीच आपल्या आरंभीच्या चार सात इंची तबकड्या एका बारा इंची तबकडीवर एकत्र करून पुन्हा काढल्या. पहिल्या प्रती संपल्या होत्या, मागणी होती आणि जुन्या प्रतीसाठी कोणाला चढा भाव द्यावा लागू नये, अशी त्यामागील साधी भूमिका दिसते. येथे पुनर्प्रकाशन हे दुर्मीळतेविरुद्धचे पाऊल आहे.

दुसरा मार्ग चाहत्यांचा. १९८९ पासून 'किल्ड बाय डेथ' या नावाने निघालेल्या संकलनमालिकेत अनेक अज्ञात पंक बँडची एकेक गाणी एकत्र करण्यात आली. बहुतेक वेळा कलावंतांची परवानगी घेतलेली नव्हती. कायद्याच्या दृष्टीने ही चोरी होय. तथापि जे बँड कोणाच्याच स्मरणात नव्हते, ते या चोरीमुळेच जगभरच्या संग्राहकांना ठाऊक झाले, हेही नाकारता येत नाही.

तिसरा मार्ग कालांतराने आलेल्या व्यावसायिक प्रकाशकांचा. याचे बोलके उदाहरण हार्डकोरच्या पूर्वसुरींपैकी एक असलेल्या 'डेथ' या बँडचे आहे. डेट्रॉइटमधील हॅकनी आडनावाच्या तीन कृष्णवर्णीय भावांनी १९७५ साली काही गाणी मुद्रित केली. बँडचे नाव बदलण्यास त्यांनी नकार दिला आणि मोठ्या कंपनीचे दार बंद झाले. १९७६ साली त्यांनी स्वखर्चाने एका सात इंची तबकडीच्या पाचशे प्रती काढल्या. त्या विरून गेल्या. पुढे या प्रती संग्राहकांच्या हाती लागल्या आणि २००९ साली 'ड्रॅग सिटी' या प्रकाशनाने ती जुनी मुद्रणे प्रथमच एकत्रित प्रसिद्ध केली. समीक्षकांनी पंकचा इतिहास नव्याने मांडावा लागेल असे म्हटले. परंतु ज्याच्या हट्टाने ते नाव टिकले होते तो थोरला भाऊ डेव्हिड हॅकनी २००० साली मरण पावला होता. पुनर्प्रकाशनाने बँडला न्याय मिळाला; त्याला मिळाला नाही.

या तीन मार्गांच्या तुलनेतून एक निष्कर्ष हाती येतो. पुनर्प्रकाशन ही तटस्थ कृती नव्हे. कोण काढतो, कोणाला विचारून काढतो आणि केव्हा काढतो, यांवर तिचा अर्थ अवलंबून असतो. त्याच जोडीला या व्यवहारातील एका दोषाकडेही लक्ष वेधले पाहिजे. संग्राहकांच्या जगात 'दुर्मीळ' आणि 'श्रेष्ठ' या दोन विशेषणांची नकळत अदलाबदल होते. दोनशे प्रती निघालेली सामान्य तबकडी केवळ संख्येमुळे 'अभिजात' ठरते आणि दहा हजार प्रती निघालेली चांगली तबकडी दुर्लक्षिली जाते. दुर्मीळता हा वस्तूचा गुण आहे, संगीताचा नव्हे. हा विवेक सुटला की संग्रहाची समीक्षा उरत नाही, केवळ भावाची यादी उरते.

मराठी ध्वनिमुद्रिका : तीन मिनिटांचे बंधन

आता मराठी प्रदेशाकडे वळू. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने ग्रामोफोन कंपनीसाठी गौहरजान आणि इतर कलावंतांचे गायन मुद्रित केले. १९०८ साली कलकत्त्यातील सियालदा येथे तबकड्यांचा कारखाना निघाला आणि त्यानंतर हा व्यवसाय देशभर पसरला. तबकडी लाखेची होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन ते सव्वातीन मिनिटांचे गायन मावत असे.

हे बंधन आणि हार्डकोरच्या सात इंची तबकडीचे बंधन यांत वरवरचे साम्य आहे. मात्र त्याचे परिणाम निराळे झाले. हार्डकोरने त्रोटकपणा स्वतः निवडला होता. आपल्या कलावंतांवर तो लादला गेला. ख्यालगायकाला विलंबित लय सोडून थेट द्रुत बंदिशीकडे यावे लागले. शाहिराची अडचण त्याहून मोठी होती. पिराजीराव सरनाईकांसारख्या कोल्हापूरच्या शाहिराचा पोवाडा भर मैदानात तासभर चालतो. त्यात गण येतो, कथन येते, श्रोत्यांना उद्देशून केलेले भाष्य येते आणि झीलकऱ्यांच्या साथीने चढत जाणारा आवेश येतो. तो तबकडीवर आणायचा तर 'भाग पहिला', 'भाग दुसरा' असे तुकडे पाडणे अपरिहार्य होते. ऐन युद्धप्रसंगी सुई थांबे, तबकडी उलटावी लागे आणि मगच युद्ध पुढे सरके. असे असले तरी या बंधनातून एक नवे, आटोपशीर रूपही घडले. लावणी, भावगीत आणि नाट्यपद यांना तर तीन मिनिटांचा साचा मानवला. पुण्याच्या बाई सुंदराबाई यांच्या लावण्या घराघरांत पोहोचल्या त्या तबकडीमुळेच. 'प्रभात'च्या १९३९ सालच्या 'माणूस' या चित्रपटात नायकाच्या आईच्या भूमिकेत दिसतात त्या याच सुंदराबाई होत.

मोठ्या कंपनीच्या बाहेरचे जगही होते. मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात 'यंग इंडिया' या नावाने हजारो ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांत चित्रपटगीते होती, शास्त्रीय गायन होते, शैक्षणिक तबकड्याही होत्या. परंतु या मालिकेचे खरे वैशिष्ट्य असे की तिच्यात गाणारे पुष्कळसे कलावंत हौशी अथवा नवोदित होते. ज्यांना मोठ्या कंपनीच्या दाराशी उभे राहता आले नसते, त्यांना येथे तबकडी मिळाली. हार्डकोरच्या प्रकाशनसंस्थांशी तुलना करता येईल अशी आपल्याकडील संस्था शोधायची तर ती ही होय. प्रेरणा भिन्न होती. यंग इंडिया हा व्यवसाय होता, चळवळ नव्हती. पण नामवंतांच्या वर्तुळाबाहेरच्या आवाजाला तबकडी देणे, ही कृती समान होती.

काय पुन्हा निघाले, काय मागे राहिले

लाखेच्या तबकड्यांचे उत्पादन भारतात १९७० च्या सुमारास थांबले. त्याआधीच दीर्घ वादनाच्या तबकड्या, म्हणजे एलपी, आल्या होत्या. त्यानंतर कॅसेट आणि पुढे सीडी आली. प्रत्येक स्थित्यंतरात कंपनीने आपल्या जुन्या साठ्यातून काही निवडले आणि नव्या माध्यमात आणले. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर हे आवाज असे टिकून राहिले. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. कंपनीचे नाव पुढे सारेगामा झाले आणि २०१७ साली आलेल्या 'कारवाँ' या गाणीभरल्या यंत्राने जुनी गाणी पुन्हा घरोघरी नेली. ही सेवा निश्चितच मोलाची आहे. परंतु येथे निवड होते ती पूर्वीच्या खपाच्या आधाराने. जे एकदा विकले गेले ते पुन्हा विकले जाईल, हा त्यामागील हिशेब आहे. म्हणजेच ज्यांना आपण आरंभी 'विस्मृत' म्हटले, त्यांचीच येथे सोय होते.

शाहिरीच्या बाबतीत ही निवड अधिक स्पष्ट दिसते. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्या वेळी राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायिलेले गीत तबकडीवर आले. ते आजतागायत सर्व माध्यमांतून ऐकू येते आणि २०२३ साली त्याला राज्यगीताचा मान मिळाला. तो यथायोग्यच आहे. मात्र हे राज्य ज्या लढ्यातून आले, त्या लढ्याची शाहिरी इतक्या सहजपणे ऐकता येत नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंची 'माझी मैना' पाठ असलेले लोक खेडोपाडी आहेत. पण ती अनेकांना कळली आहे ती पुढच्या पिढीच्या गायकांकडून आणि छापील पुस्तकांतून. विजयाचे गीत पुनर्प्रकाशित होते आणि संघर्षाचे गीत मौखिक परंपरेच्या हवाली होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आंबेडकरी जलशांची आणि गीतांची परंपरा याहूनही उपेक्षित राहिली. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते रचली. ती वस्त्यांतून, जयंतीच्या मंडपांतून आणि पुढे छोट्या कंपन्यांच्या कॅसेटमधून पसरली. कॅसेट स्वस्त होती, घरच्या घरी तिची प्रत काढता येत होती, म्हणून ती चळवळीची झाली. पण कॅसेटची फीत ओलाव्याने चिकटते, बुरशीने खराब होते. लाखेच्या तबकडीइतकेही आयुष्य तिला नसते. मुंबईच्या घाटकोपरमधील रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्यांचा आवाज आज आपल्यापर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटांतून. एखाद्या शाहिराचा आवाज ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रिकेऐवजी माहितीपटाकडे जावे लागते, यातच आपल्या ध्वनिमुद्रण व्यवहाराची मर्यादा उघड होते. अमेरिकेतील हार्डकोरच्या तरुणांनी निदान स्वतःची तबकडी स्वतः काढली होती. आपल्याकडच्या संतप्त आवाजांना तेवढेही साधन मिळाले नाही.

संग्राहकाचे कार्य आणि त्याची मर्यादा

या पार्श्वभूमीवर मराठी संग्राहकांच्या कार्याकडे पाहिले पाहिजे. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिच्या कार्यात दीर्घकाळ पुढाकार घेतला आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या नियतकालिकातून तबकड्यांविषयीची माहिती शिस्तीने नोंदवली जाऊ लागली. ऑस्ट्रेलियन अभ्यासक मायकेल किनियर यांचा भारतातील पहिल्या ध्वनिमुद्रणांची सूची देणारा ग्रंथ १९९४ साली मुंबईतच पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केला. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दस्तऐवजविषयक योजनेखाली यंग इंडिया आणि ओडियन या दोन मालिकांच्या उपलब्ध तबकड्यांचे डिजिटल रूपांतर झाले. यंग इंडियाचे संगीत तोवर कॅसेट किंवा सीडीच्या रूपाने पुन्हा निघालेलेच नव्हते. जे काम कंपन्यांनी केले नाही, ते खासगी कपाटांनी केले, असे म्हणावे लागेल.

तथापि समीक्षकाने येथे थांबून चालणार नाही. संग्राहकाची अभिरुची ही देखील एक चाळणी असते. आपल्याकडील संग्राहकांची पहिली पसंती शास्त्रीय संगीत, नाट्यसंगीत आणि जुने चित्रपटसंगीत यांना राहिली आहे. लावणीची तबकडी जपली जाते ती बहुधा एखाद्या नामवंत गायिकेची म्हणून. तमाशातील वगाची, विनोदी संवादांची, जत्रेतील भक्तिगीतांची तबकडी जुन्या बाजारात शेवटी उरते. तबकडी जुनी झाली की रद्दी आणि भंगार यांच्यामध्ये कोठेतरी तिचा भाव ठरतो. तेथून ती उचलणारा हात कोणाचा आहे, यावर तिचे भवितव्य अवलंबून असते.

लक्ष्मीबाई जाधव यांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. त्या मूळच्या कोल्हापूरच्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या. बडोदा दरबारी त्यांची नियुक्ती झाली आणि रसिकांच्या स्मरणात त्या 'बडोद्याच्या लक्ष्मीबाई' म्हणून राहिल्या. त्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिका जाणकारांना प्रिय आहेत. परंतु ज्या शहरात त्या घडल्या, त्या शहराच्या सांगीतिक स्मरणात त्यांना अल्लादिया खाँसाहेबांच्या तुलनेत नाममात्र जागा आहे. गंमत अशी की खाँसाहेबांनी तबकडीसाठी गाणे टाळले. ज्यांचा आवाज उपलब्ध नाही त्यांची कीर्ती सर्वतोमुखी आणि ज्यांचा आवाज उपलब्ध आहे त्यांचे नाव अपरिचित, असा हा विरोधाभास आहे. कीर्ती आणि ध्वनिमुद्रण यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो.

येथे एक आक्षेप संभवतो. काळ हाच सर्वांत मोठा समीक्षक आहे; जे टिकले नाही ते टिकण्याजोगे नव्हते, मग प्रत्येक हौशी गायकाची तबकडी जपण्याचा अट्टहास कशासाठी? हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. यंग इंडियाच्या हजारो तबकड्यांत सामान्य गायनही पुष्कळ असणार, यात शंका नाही. परंतु काळाने निवड केली असे म्हणण्यासाठी काळासमोर सर्व आवाज आलेले असावे लागतात. ज्या तबकडीची दुसरी आवृत्ती निघाली नाही, जी नभोवाणीवर वाजली नाही, ती काळाने नाकारलेली नसते. ती काळापुढे ठेवलेलीच नसते. डेथच्या पाचशे प्रती १९७६ साली हरवल्या, तेव्हा कोणत्याही समीक्षकाने त्या ऐकून बाजूला ठेवल्या नव्हत्या. म्हणून पुनर्प्रकाशनाचा हेतू प्रत्येक दुर्लक्षिताला थोर ठरवणे हा नसून, त्याला एकदा निवाड्यासाठी उभे करणे, एवढाच असला पाहिजे. निवाडा प्रतिकूल लागला तरी चालेल. तो ऐकून लागलेला असावा.

पुनर्प्रकाशनाची प्रामाणिकता

पुनर्प्रकाशन कसे करावे, हाही गुणवत्तेचा प्रश्न आहे. पहिली बाब गतीची. '७८ आरपीएम' हे नाव रूढ असले तरी जुन्या काळातील सर्व तबकड्या नेमक्या त्याच गतीने मुद्रित झालेल्या नाहीत. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी पाचमध्ये गाणारी गायिका काळी चारमध्ये ऐकू येते, तिचा आवाज बारीक होतो आणि तान प्रत्यक्षाहून जलद वाटते. मग आपण तिच्या तयारीचे कौतुक करतो, ते काही अंशी यंत्राचे असते.

दुसरी बाब स्वच्छतेची. संगणकाच्या साहाय्याने खरखर काढताना वरच्या पट्टीतील ध्वनीही कापला जातो. सतारीचा, सारंगीचा आवाज थोडासा मंद झाला तर कदाचित खपून जाईल. पण तुणतुण्याची धार आणि झांजेची झणकार यांचा प्राणच त्या वरच्या पट्टीत असतो. पोवाड्यातून ती धार गेली की मागे राहतो तो पोवाड्याचा सांगाडा. हार्डकोरच्या जाणत्या पुनर्प्रकाशकांना हे चांगले ठाऊक असते. तेथील खरबरीत आवाज हा मुद्रणातील दोष नसून शैलीचा भाग आहे, म्हणून तो गुळगुळीत करण्याला चाहते कडाडून विरोध करतात. शाहिरीच्या बाबतीत हीच दक्षता घ्यावयास हवी.

तिसरी बाब माहितीची. लेबलवरील मजकूर, क्रमांक, साथीदारांची नावे, भाग पहिला व दुसरा यांमधील खंड, हे सारे त्या कृतीचे अंग असते. यंत्रात भरलेल्या शेकडो गाण्यांत यांपैकी काहीच उरत नाही. साथीच्या ढोलकीवाल्याचे नाव लेबलवर पूर्वीही क्वचितच असे. पुनर्प्रकाशनात उरलेले नावही पुसले जाते. दुर्लक्ष असे दुप्पट होते.

हक्कांचा प्रश्न

पुनर्प्रकाशनाच्या आड कायदा येतो, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती, ती १९९२ साली वाढवण्यात आली. या हिशेबाने यंग इंडियाच्या शेवटच्या, म्हणजे १९५५ च्या तबकडीचा ध्वनिमुद्रण हक्क २०१५ अखेर संपला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या तबकडीचा हक्क २०२० अखेर संपला. मात्र शब्दांचा हक्क वेगळा असतो. तो कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. म्हणजे जुन्या लावणीची किंवा पारंपरिक बंदिशीची तबकडी आज कोणीही संस्था सुखाने पुन्हा काढू शकते आणि शाहिराच्या गीतासाठी वारसांशी बोलणे पुरेसे असते. कायद्याने वाट अडवलेली नाही. वाट कोणी चाललेले नाही, इतकेच.

वारसांशी बोलणे ही केवळ कायदेशीर औपचारिकता मानू नये. 'किल्ड बाय डेथ'च्या मार्गाने जाऊन परवानगीविना आवाज उचलणे आज संगणकामुळे अतिशय सोपे झाले आहे. त्यातून आवाज पसरतो, पण ज्यांनी आधीच काही मिळवले नाही त्यांच्या पदरात पुन्हा काहीच पडत नाही. चळवळीतील गायकांच्या बाबतीत हे अधिकच अन्यायकारक आहे. दुर्लक्षित कलावंताचे पुनर्प्रकाशन त्याच्या नावासह, त्याच्या माणसांना विचारून आणि त्यांना वाटा देऊन व्हावे, हे डिस्कॉर्डच्या मार्गाचे सार आहे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, पुनर्प्रकाशन हे स्मरण असले तरी ते निवडक स्मरण असते आणि त्या निवडीची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम आहे. दोन, मराठीत विस्मृतांची सोय बाजाराने काही प्रमाणात केली. दुर्लक्षितांसाठी बाजारावर विसंबून चालणार नाही. तीन, संग्राहकांनी मोठे कार्य केले असले तरी दुर्मीळतेचा आणि प्रतिष्ठित अभिरुचीचा मोह त्यांनाही सुटलेला नाही. चार, तांत्रिक आणि नैतिक प्रामाणिकतेशिवाय केलेले पुनर्प्रकाशन म्हणजे दुर्लक्षाचीच दुसरी आवृत्ती होय.

कोल्हापूरला कलानगरी म्हणण्याची प्रथा आहे. येथे १८८३ साली स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबची परंपरा आहे, चित्रपटनिर्मितीचा इतिहास आहे आणि शाहिरीचा वारसा आहे. अशा शहरातील महाविद्यालयांनी एक मर्यादित काम अंगावर घेतले तरी पुष्कळ होईल. मराठी, संगीत, इतिहास आणि पदार्थविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन जिल्ह्यातील घरांत, वाचनालयांत आणि जुन्या दुकानांत असलेल्या तबकड्या व कॅसेट यांची सूची करावी. सूचीत कलावंताचे नाव, साथीदार, लेबल, क्रमांक, गावाची नोंद आणि कुटुंबाकडून मिळालेली माहिती असावी. तबकडी मालकाकडेच राहू द्यावी. ध्वनीची प्रत आणि लेबलचे छायाचित्र तेवढे घ्यावे. प्रथम मिळेल ते नोंदवावे, निवड नंतर करावी. या कामाला पैसा फार लागत नाही, शिस्त लागते.

सूची ही रुक्ष गोष्ट वाटते. पण हार्डकोरच्या विस्मृत आणि दुर्लक्षित बँडचे पुनरुज्जीवन आधी चाहत्यांच्या याद्यांतून झाले, तबकड्या त्यानंतर निघाल्या. नाव नोंदले गेले तर पुढे कोणीतरी तो आवाज शोधेल. लाखेची तबकडी हातातून निसटली तर एका क्षणात फुटते आणि कॅसेटची फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होते. त्यामुळे या कामाला मुदत आहे, आणि ती आपण ठरवलेली नाही.